बार्शी लाइट, १:८७ : एका टेबलावरच्या स्टेशनाच्या नोंदी

कुर्डुवाडी-पंढरपूर रस्त्यावरचं, बार्शी लाइट या अरुंद रुळांच्या लाइनीवरचं आमच्या गावाचं जुनं नॅरोगेज स्टेशन लहान मॉडेल करून सहा फूट बाय दोन फुटांत बसवायचं, एवढंच काम. मी टूलरूममध्ये सव्वीस वर्षं काढली, मायक्रॉनमध्ये बोलतो, तरी या कामात प्रमाणाच्या बाबतीत पाच वेळा तोंडावर आपटलो. कुणी असं काही करायला घेणार असेल तर त्याचे पैसे वाचावेत म्हणून तारखेनिशी लिहून ठेवतोय.

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

आषाढी ६ जुलैला आहे. त्याआधी गाडी पळाली पाहिजे. आबांना ब्याऐंशी वर्षं होतील, आणि बार्शी लाइट बंद पडून ब्रॉडगेज झाल्यापासून ते दर वारीला तेच बोलतात की ती गाडी धावत धावत पकडता यायची. काळ नव्वदच्या दशकातला धरला. वाफेचं इंजिन करायची हौस होती, पण चाकांच्या दांड्या हलवत ठेवणं मला या वयात झेपणार नाही, म्हणून डिझेल.

पहिली चूक काम सुरू होण्याआधीच केली. स्टेशनाबाहेर उभी करायला एक अँबॅसडर आणली, एक खेळण्यातली लाल बस आणली, आणि पुतण्याच्या जुन्या डब्यातून प्लास्टिकचे सैनिक काढले, म्हटलं रंगवून वारकरी करू. सगळं टेबलावर मांडलं. अँबॅसडर १:४३ (म्हणजे खरीच्या त्रेचाळिसाव्या भागाएवढी), बस १:६४ च्या जवळपास, सैनिक १:७२. सैनिक गाडीच्या खिडकीपर्यंत जेमतेम पोचत होता, आणि बस अँबॅसडरपुढे रिक्षासारखी दिसत होती. खर्च १,४५०. तिन्ही वस्तू पुतण्याला परत.

त्यातही बसचा १:६४ हा आकडा नुसता नावाचा. स्वस्त खेळण्यातल्या गाड्या पाकिटात मावतील अशा बेताने लहान-मोठ्या करतात, त्यामुळे त्यांच्याकडे ट्रक आणि मोटार जवळजवळ एकाच लांबीचे निघतात. पाकिटावरचा आकडा वाचून विकत घेऊ नका, व्हर्नियर घेऊन जा. दुकानदार हसतो, हसू द्या.

९ फेब्रुवारी

आधी प्रमाण ठरवायचं. लोक आधी प्रमाण ठरवतात आणि मग रूळ शोधतात. आपल्या देशात ते उलटं करावं लागतं, कारण तयार रूळ ठरावीक रुंदीचेच मिळतात आणि ते आपल्या गेजसाठी, म्हणजे दोन रुळांमधल्या आपल्या अंतरासाठी, केलेले नसतात. वहीत मांडलेला हिशेब असा.

आपलं ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर. बाजारात सगळ्यात सहज मिळणारा रूळ १६.५ मिलिमीटरचा. भागाकार केला की येतं १:१०१.६, म्हणजे जवळपास १:१००. पण त्याच रुळावर चालणाऱ्या परदेशी गाड्या १:८७ च्या, कारण त्यांचं गेज १,४३५. म्हणून १:८७ ची आपली ब्रॉडगेज गाडी त्या रुळावर ठेवली की ती अरुंद पायांवर उभी असल्यासारखी दिसते. खरं तर तिला १९.३ मिलिमीटर लागतात. मीटरगेज १,००० मिलिमीटर, १२ मिलिमीटरच्या रुळावर १:८३ येतं. माथेरानची गाडी ६१० मिलिमीटर, ६.५ च्या रुळावर १:९४.

आणि बार्शी लाइट, अडीच फूट, ७६२ मिलिमीटर. भागिले ८७ बरोबर ८.७६. बाजारात ९ मिलिमीटरचा रूळ मिळतो. फरक पाव मिलिमीटरचाही नाही, खऱ्या मापात जेमतेम दोन सेंटिमीटर. एव्हरार्ड कॅलथ्रॉप साहेबाने १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी ही लाइन सुरू केली तेव्हा माझ्या टेबलाची सोय बघितली होती असंच वाटायला लागलं. ब्रॉडगेजवाले मित्र पावणेतीन मिलिमीटरसाठी रडतात, आपलं गरिबाचं नॅरोगेज फुकटात जुळलं.

तर १:८७. याला एचओ म्हणतात, ओ या जुन्या मोठ्या मापाचं अर्धं म्हणून. फुटाला साडेतीन मिलिमीटर, त्यामुळे आकडा असा विचित्र निघतो, ३०४.८ भागिले ३.५. याचाच एक भाऊ आहे, ओओ, फुटाला ४ मिलिमीटर, म्हणजे १:७६. इंग्लंडची इंजिनं आकाराने लहान, त्यांच्या मॉडेलात त्या काळच्या विजेच्या मोटर मावेनात, म्हणून त्यांनी इंजिन फुगवलं आणि रूळ तोच ठेवला. या दोन भावांची नावं दुकानात, फायलींवर, पाकिटांवर एकमेकांत मिसळलेली असतात. ही ओळ मी आज लिहून ठेवली आणि पुढच्याच महिन्यात विसरलो. २९ मार्च बघा.

टेबल १८३ बाय ६१ सेंटिमीटर. गुणिले ८७, म्हणजे माझ्याकडे खरी जागा १५९ मीटर लांब आणि ५३ मीटर रुंद. सहा फूट ऐकायला पुष्कळ वाटतात. कुर्डुवाडी ते बार्शी ३४ किलोमीटर प्रमाणात करायचं तर ३९० मीटर टेबल लागलं असतं, आमच्या सोसायटीच्या गेटातून निघून रिक्षा स्टँडच्याही पुढे. म्हणून एकच स्टेशन, एक मुख्य रूळ, एक लूप (बाजूने फुटून पुन्हा मुख्य रुळाला मिळणारा रूळ). बाकी गाव पडद्यावर रंगवायचं.

१६ फेब्रुवारी

आजचं काम लहान, पण पुढच्या पाच महिन्यांत सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते हेच. पितळी तारेचा एक माणूस केला. १६५ सेंटिमीटर उंचीचा माणूस १:८७ मध्ये १९ मिलिमीटर. चेहरा नाही, हात नाहीत, पायाखाली वॉशर. नाव बापू. बापू आता माझ्या खिशात असतो. दुकानात गेलो की वस्तूशेजारी बापूला उभा करायचा, दाराच्या कडीपर्यंत हात पोचेल का, पायरी चढता येईल का, बघायचं. आकडे चुकतात, बापू चुकत नाही.

त्याच्या भावंडांची उंचीही वहीत लिहून घेतली, कारण इतर मापांचं सामान हाताशी येतच राहतं. बाहुलीघराच्या १:१२ मध्ये हाच माणूस पावणेचौदा सेंटिमीटर, १:४३ मध्ये ३८ मिलिमीटर, १:६४ मध्ये २६, १:७६ मध्ये पावणेबावीस, आर्किटेक्ट लोकांच्या १:१०० मध्ये साडेसोळा, आणि एन मापात, म्हणजे १:१६० मध्ये, फक्त दहा. १९ आणि १६.५ यांत अडीच मिलिमीटरचं अंतर. कागदावर काहीच नाही, पण शेजारी उभे केले तर एक बाप आणि एक शाळकरी पोरगा.

१ मार्च

रूळ आले. ४,६०० रुपये. ९ मिलिमीटर पाहिजे होते, ९ मिलिमीटरच आले, आणि तरीही चूक.

हा रूळ एन मापाच्या ब्रॉडगेजसारख्या मोठ्या लाइनसाठी केलेला आहे, १:१६० साठी. रुळांमधलं अंतर तेवढंच, पण स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्या, बारीक आणि दाट. १:८७ च्या डोळ्याने पाहिलं तर स्लीपर साधारण पस्तीस सेंटिमीटरवर एक. बापूला रुळावर उभा केला तर त्याचं पाऊल दोन स्लीपरांमध्ये टाकायला जागा नाही. आमच्या लाइनवर आम्ही शाळेतून येताना स्लीपरवरून उड्या मारत यायचो, तर पोराला बऱ्यापैकी ढांग टाकावी लागायची. हे दिसायला बागेतल्या गाडीसारखं.

नॅरोगेजसाठी केलेला वेगळा ९ मिलिमीटरचा रूळ मिळतो. तो मागवायचा तर पाच-सहा आठवडे आणि अजून तेवढेच पैसे. तुम्ही तोच घ्या. मी हट्टी.

१५ मार्च

आइस्क्रीमच्या काड्या उभ्या चिरून स्लीपर केले. १७.५ मिलिमीटर लांब, २.३ रुंद. जिग, म्हणजे एकसारखे तुकडे कापायचा साचा, करून घेतलं, जिगशिवाय हे करू नका. प्लास्टिकचे तीन-चारांतले एक स्लीपर रूळ धरायला ठेवले, बाकी कापून काढले, मध्ये लाकडी सरकवले. एकूण ३३० नग. दोन आठवडे, रोज रात्री दीड तास. घरचे म्हणाले, एवढ्यात एक कपाट झालं असतं.

रुळाच्या उंचीचं मात्र काही करता आलं नाही. हा रूळ दोन मिलिमीटरला जरासा जास्त उंच आहे. गुणिले ८७ केलं तर १७.७ सेंटिमीटर. आज मेन लाइनला टाकतात तो साठ किलोचा रूळ १७.२ चा असतो. म्हणजे माझ्या गावच्या हलक्या गाडीला मी मुंबई-दिल्लीपेक्षा भारी रूळ टाकलाय. उपाय एकच सापडला. रुळाची बाजू गंजाच्या रंगाने मारली आणि फक्त माथा घासून चकचकीत ठेवला. डोळा चमक मोजतो, उंची विसरतो.

२९ मार्च

डबे थ्री-डी प्रिंट करून आले. चाळीस फुटी डबा, तीन नग, २,१०० रुपये. हातात घेतल्या घेतल्या जड वाटले. मोजलं तर १६० मिलिमीटर. पाहिजे होते १४०.

फाइल ज्याच्याकडून घेतली त्याने नावात एचओ लिहिलं होतं, आतलं माप ओओचं. चाळीस फूट भागिले ७६.२ बरोबर १६० येतात, इतके बरोबर की वाद घालायलाही जागा नाही. आणि मी, प्रत्येक ड्रॉइंग हातात घेतल्यावर आधी एक माप तपासणारा माणूस, घरच्या कामात न तपासता छापायला देऊन आलो. १४ टक्के ऐकायला थोडे वाटतात. लांबी १४ टक्के, रुंदी १४ टक्के, उंची १४ टक्के, म्हणजे आकारमान जवळपास दीडपट. तो डबा लूपवर ठेवला तर शेजारच्या रुळावरच्या गाडीला घासत होता.

पुन्हा छापले. पुन्हा २,१००. या वेळी आधी फक्त एक दार छापून घेतलं, साठ रुपयांत, बापूला दारात उभा केला, मगच बाकीचं.

दुसरी गोष्ट या डब्यांनी शिकवली. सगळंच लहान होत नाही. खिडकीच्या गजाची जाडी खऱ्यात बारा मिलिमीटर धरली तर इथे ती केसाएवढी येते. प्रिंटरला तेवढं बारीक जमत नाही, आणि जमलं तरी हात लागताच मोडतं. पहिल्या प्रिंटमध्ये फाइलवाल्याने गज ०.६ मिलिमीटर ठेवले होते, म्हणजे पाच सेंटिमीटर जाड. डबा पॅसेंजरचा न वाटता कैद्यांचा वाटत होता. नव्या डब्यांत गज काढूनच टाकायला सांगितले आणि जागी शिवणकामाचा पारदर्शक नायलॉन दोरा ताणून राखाडी रंगाचा एक हात मारला. दोन डबे झाले, तिसऱ्याचे गज वाकडे आहेत. तो डबा कायम मागच्या बाजूला लावतो.

१३ एप्रिल

स्टेशनाची इमारत. भाची आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिला जुने फोटो दिले, दाराची उंची सात फूट धरून तिने सुंदर नकाशा काढून दिला आणि लेझर कटिंगही करून आणलं. ९०० रुपये. भिंती जुळवल्या, आणि बापू दारात उभा राहिला तर डोक्यावर फक्त दोन मिलिमीटर.

"मामा, आम्ही १:१०० च करतो. तू काही बोलला नाहीस."

खरंय, मी काही बोललो नव्हतो. त्यांच्या कॉलेजात १:१००, १:५०, १:२०० अशी गोल मापं असतात. कुणी ८७ ने भागत बसत नाही. रेल्वेवाल्यांना ८७ म्हणजे जगातलं एकमेव प्रमाण, त्यामुळे आपण ते उच्चारतही नाही.

ती इमारत फेकली नाही. तेरा टक्के लहान म्हणजे थोडी दूर असल्यासारखी दिसते. टेबलाच्या मागच्या कडेला धान्याचं गोदाम म्हणून बसवली, आणि त्यामागे एन मापाची दोन कौलारू घरं. समोरून पाहिलं तर ६१ सेंटिमीटर खोलीचं टेबल शेत ओलांडून गावापर्यंत गेल्यासारखं वाटतं. हे कोथरूडच्या जोशी रेल्वे म्युझियममध्ये बघायला गेलो होतो तेव्हा सुचलं नव्हतं. तिथे एवढी मोठी जागा आहे की डोळ्याला फसवायची फार गरज पडत नाही. अट एकच, मागच्या इमारतीजवळ १:८७ चा माणूस कधीही उभा करायचा नाही. एक बापू तिकडे गेला की गोदामाचं कोंबड्यांचं खुराडं होतं.

नवी इमारत १:८७ मध्ये, १,१०० रुपये. तीन मिलिमीटरचा एमडीएफ म्हणजे २६ सेंटिमीटरची भिंत. आमच्या स्टेशनाची दगडी भिंत दीड फुटाची होती, खिडकीच्या कोनाड्यात मी दप्तर ठेवायचो. म्हणून दुहेरी थर लावला. खिडकीत सावली पडायला लागली आणि इमारत एकदम दगडी झाली. रंगापेक्षा या जाडीने जास्त काम केलं.

२७ एप्रिल

खडी. रुळाखालची खडी चार ते साडेसहा सेंटिमीटरची असते. भागिले ८७ म्हणजे अर्धा ते पाऊण मिलिमीटर. तयार पाकिटातली खडी दीड मिलिमीटरची, म्हणजे रुळाखाली नारळ पसरल्यासारखं. स्वयंपाकघरात गेलो, डबे उघडून पाहिले. खसखस गोल, साखर चमकते. जाडा रवा मापात अगदी चपखल. फेव्हिकॉल पाण्यात पातळ केला, थोडा काळा आणि तपकिरी रंग घातला, ड्रॉपरने सोडला. फार सुंदर दिसतंय. चाळीस रुपयांत काम झालं. फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकले.

(या नोंदीवर नंतर काट मारायची इच्छा झाली होती. ठेवतोय.)

११ मे

इंजिन. एन मापाच्या जुन्या डिझेलचा सांगाडा ६,५०० ला मिळाला, वर स्टायरीनच्या शीटचा डबा कापून बसवला. चाकं रुळावर बसली, दिवा लागला, आणि तीन डबे जोडल्यावर इंजिन जागच्या जागी चाकं फिरवत राहिलं.

इथे वजनाचं गणित कळलं. कॅलथ्रॉपने आपल्या लाइनवर एका आसावर पाच टनांची मर्यादा ठेवली होती. सहा आसांचं इंजिन घेतलं तर तीस टन. लांबी ८७ ने भागायची, पण वजन ८७ च्या घनाने, म्हणजे ६,५८,५०३ ने. उत्तर येतं ४५ ग्रॅम. म्हणजे दोन पेढे. एवढ्या वजनात रुळावर पकड बसत नाही, जागोजाग विजेचा संपर्क तुटतो, आणि रुळावरची धूळ मात्र प्रमाणात लहान झालेली नसते. टायरवाल्याकडून बॅलन्सिंगची पाच-पाच ग्रॅमची वजनं मागून आणली आणि आत चिकटवली. नव्वद ग्रॅमला इंजिन नीट ओढायला लागलं. प्रमाणाच्या दुप्पट वजन, आणि ते कुणालाही दिसत नाही.

मग वेग. पूर्ण सोडलं तर सेकंदाला चाळीस सेंटिमीटर. म्हणजे ताशी १२५ किलोमीटर. बार्शी लाइट शताब्दीच्या वेगाने पंढरपूरला चाललीय. धावत धावत पकडायची गाडी म्हणजे ताशी तीसच्या आत, सेकंदाला नऊ-दहा सेंटिमीटर. एवढ्या मंद गतीला जुना ॲडॉप्टर धक्के देत होता. ४५० रुपयांचा पीडब्ल्यूएम कंट्रोलर (वीज झटपट चालू-बंद करून वेग कमी-जास्त करणारा) बसवला. आता १८३ सेंटिमीटर पार करायला गाडी एकोणीस-वीस सेकंद घेते. लोकांना कंटाळवाणं वाटतं. तेच बरोबर आहे.

२५ मे

पाऊस यंदा मे संपायच्या आत आला. गॅलरीत ठेवलेलं टेबल एका बाजूने फुगलं. बारा मिलिमीटरच्या प्लायच्या कडा सील केल्या नव्हत्या. लूपच्या सांध्याजवळ दोन मिलिमीटरचा उंचवटा, म्हणजे खऱ्यात सतरा सेंटिमीटरची टेकडी. डबे तिथेच उतरतात. कडा वाळवून, घासून, वार्निश, खालून दोन आडव्या पट्ट्या. आठ दिवस गेले. पाया आधी सील करा, हे सगळे सांगतात आणि सगळे विसरतात.

मधल्या काळात झाडं केली. तांब्याची तार पिळून, स्पंज मिक्सरमधून काढून. स्टेशनासमोरचा कडुनिंब पंधरा मीटर धरला, म्हणजे सतरा सेंटिमीटर. टेबलावर उभा केला तर घरच्या म्हणाल्या, झाड इमारतीपेक्षा केवढं मोठं, चुकलंय. एक क्षण मलाही तसंच वाटलं आणि कात्री उचलली. मग खिडकीतून सोसायटीतला कडुनिंब पाहिला. तिसऱ्या मजल्याच्या वर गेलाय. मॉडेलमधली झाडं बहुतेकांची निम्मी असतात, कारण हात आपोआप तिथे थांबतो. झाड कापलं नाही. दोन दिवसांत डोळ्याला सवय झाली आणि आता त्या झाडामुळेच स्टेशन लहान, एकटं दिसतं.

८ जून

रवा.

आधी मुंग्या आल्या. रुळाच्या कडेने रांग, आणि १:८७ मध्ये मुंगी म्हणजे चांगलं कुत्र्याएवढं जनावर. पावडर मारली. मग दमट हवेत फेव्हिकॉल मऊ पडला आणि आतून बारीक किडे निघाले. एका सकाळी स्टेशन मास्तरच्या खोलीबाहेर अळी. पोरांनी हसून हसून पुरेवाट केली.

पूर्ण खडी खरवडून काढली. स्लीपर तीसेक उखडले. विटेचा चुरा आणि नदीची वाळू, आधी पिठाच्या चाळणीतून, मग चहाच्या गाळणीतून, दोन्हींच्या मधलं तेवढं घ्यायचं. धुऊन, तव्यावर भाजून. रंगही द्यावा लागला नाही. सहा संध्याकाळी गेल्या. स्वयंपाकघरात प्रमाणात बसणारं सामान शोधा, पण खाता येईल असं काही टेबलावर चिकटवू नका.

१५ जून

आबा बघायला आले. भिंग घेऊन बराच वेळ वाकून पाहत होते. कडुनिंबाला मान डोलावली. मग फलाटावर बोट ठेवलं.

"हे काय बांधलंयस?"

"फलाट."

"एवढा उंच? पुण्याचा हाय का काय? आपल्याकडं खालनंच चढायचं. रुळाच्या बरोबरीनं मुरूम टाकलेला असायचा. म्हाताऱ्यांना पोरं वर वडून घ्यायची."

मी एक सेंटिमीटर उंचीचा फलाट केला होता, ८७ सेंटिमीटर, माप अगदी बरोबर. फक्त त्या स्टेशनावर तो नव्हताच. लहानपणी मी स्वतः त्या पायदानाला लोंबकळलोय, तरी हात मात्र आज रोज पाहतो ते फलाट बांधून मोकळा झाला. रात्री छिन्नीने काढला. खाली मुरमासाठी लाल माती चाळून टाकली. आता बापू डब्याशेजारी उभा केला तर दाराचा उंबरा त्याच्या पोटाला लागतो, आणि डब्याला दोन पायऱ्या का होत्या ते कळतं.

२९ जून

माणसं. तयार रंगवलेली १:८७ ची माणसं महाग, आणि कोट-हॅटमधली. आर्किटेक्टच्या दुकानात पांढरी प्लास्टिकची मिळतात, शंभराचं पाकीट स्वस्त, पण १:१०० ची. पुढच्या ओळीसाठी चाळीस माणसं तार आणि एपॉक्सी पुट्टीची हाताने केली, प्रत्येक बापूशेजारी तपासून. धोतर, नऊवारी, खांद्यावर पताका. माणसाला वीस मिनिटं. मधल्या ओळीला १:१०० ची, बसलेली किंवा वाकलेली, म्हणजे उंची कळत नाही. बसलेल्या माणसाचं प्रमाण कुणी विचारत नाही.

डब्याच्या टपावरच्या आणि लांबच्या गर्दीसाठी पुरेसा वेळ नव्हता. माणसाचं डोकं सव्वादोन-अडीच मिलिमीटर. मोहरी त्याच्या जरा आत येते. कापडाच्या कपच्यांवर मोहऱ्या चिकटवल्या, वर पांढऱ्या रंगाचा ठिपका म्हणजे टोपी. तीन फुटांवरून वारी दिसते, जवळ गेलं तर फोडणी. खाण्याची वस्तू चिकटवायची नाही हे वर मीच लिहिलंय. या वेळी मोहरी आधी वार्निशमध्ये बुडवून वाळवली. पावसाळा संपल्यावर कळेल.

५ जुलै

गाडी सकाळपासून चालू आहे. दर सात-आठ फेऱ्यांमागे तिसरा डबा लूपच्या सांध्यावर उतरतो. टेकडी पूर्ण गेलेली नाही.

हिशेब. प्लाय आणि चौकट ३,२००. रूळ ४,६००. इंजिनाचा सांगाडा ६,५००. डबे दोनदा मिळून ४,२००. लेझर कटिंग दोनदा मिळून २,०००. कंट्रोलर ४५०. झाडं, रंग, पुट्टी, वाळूचाळू २,७००. सुरुवातीची खेळणी १,४५०. एकूण २५,१००. यातले खेळण्यांचे १,४५० आणि चुकीच्या डब्यांचे २,१०० सरळ पाण्यात. गोदामाचे ९०० मी पाण्यात धरत नाही. वेळ साधारण १९० तास, त्यातले निदान साठ एकदा केलेलं परत करण्यात.

दुपारी शेजारचा सहा वर्षांचा मुलगा आला. गाडी पाहिली, मोहऱ्यांची वारी पाहिली, मग इमारतीच्या कौलावर बोट दाखवून विचारलं, "काका, त्या काळ्या कोंबड्या वर कशा चढल्या?"

कावळे आहेत ते. काळ्या मिरीचे. मिरी पाच मिलिमीटरची, कावळा चोचीपासून शेपटापर्यंत तेवढाच भरतो, म्हणून मी माप बरोबर धरलं होतं. पण कावळा लांब असतो, गोल नसतो. बापूला कौलावर चढवला, तर मिरी त्याच्या गुडघ्यापर्यंत.

काळे तीळ वार्निशमध्ये घातलेत. वाळले की उद्या सकाळी आबा यायच्या आत कावळे बदलतो.